वेष्टनावरील भिक्षू

'रेज अगेन्स्ट द मशीन', म्हणजे यंत्रणेविरुद्धचा संताप, हे नाव धारण करणारा वाद्यवृंद १९९१ साली लॉस एंजेलिस येथे उभा राहिला. गायक झॅक डी ला रोचा, गिटारवादक टॉम मोरेलो, बेसवादक टिम कॉमरफर्ड आणि ड्रमवादक ब्रॅड विल्क असे हे चौघे. रॅपची झपाट्याने म्हटलेली बोली आणि मेटलची कर्कश गिटार यांचा त्यांनी घडवलेला संगम आमच्या घरी शिरला तो मुलाच्या खोलीतून. देवळातील गायनमंडळात आयुष्य गेलेल्या माझ्या कानांना तो आजही पुरता मानवत नाही. मला थांबवले ते संगीताने नव्हे, वेष्टनाने.

नोव्हेंबर १९९२मध्ये निघालेल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेवर माल्कम ब्राऊन या वार्ताहराने टिपलेले छायाचित्र आहे. ११ जून १९६३ रोजी थिक क्वांग डुक या वयोवृद्ध बौद्ध भिक्षूने सायगावच्या चौकात आत्मदहन केले. ज्वालांच्या मधोमध तो मांडी घालून निश्चल बसला आहे. हा निषेध कोणाविरुद्ध होता, हे आपण कॅथलिकांनी जाणून घ्यावे. दक्षिण व्हिएतनामचे राष्ट्राध्यक्ष न्गो दिन्ह झिएम हे कॅथलिक होते आणि त्यांचे थोरले बंधू ह्युएचे आर्चबिशप. त्याच ह्युए शहरात त्या वर्षीच्या बुद्धजयंतीला बौद्ध ध्वज लावण्यास मनाई झाली आणि निषेधासाठी जमलेल्यांपैकी काही प्राणास मुकले. आपण येथे अल्पसंख्य म्हणून न्याय मागतो. तेथे सत्ता धर्मबांधवांच्या हाती असताना काय घडले? धर्मशिक्षणाच्या वर्गात हा प्रश्न मला कोणी घातला नव्हता. तो घातला एका गोंगाटी ध्वनिमुद्रिकेने.

गोंगाट म्हणतो खरा, पण त्यात कसब आहे. मोरेलो हा हार्वर्डचा पदवीधर. तारा हाताने घासून आणि गिटारीवरचा खटका खालीवर करून तो असे ध्वनी काढतो की ऐकणाऱ्याला तबकडी मागेपुढे फिरवल्याचा भास व्हावा.

१९९६ची 'ईव्हिल एम्पायर' अमेरिकेच्या विक्रीयादीत प्रथम क्रमांकावर गेली. रेगन यांनी १९८३मध्ये सोव्हिएत संघाला दिलेले ते दूषण या चौघांनी स्वदेशालाच लावले. त्यातील 'पीपल ऑफ द सन' हे गीत मेक्सिकोतील चियापासच्या आदिवासींच्या १९९४च्या उठावाशी नाते सांगते. त्याच चियापासमध्ये सान क्रिस्तोबालचे बिशप सॅम्युएल रुईझ १९९८पर्यंत सरकार आणि बंडखोर यांच्यात मध्यस्थी करीत होते. गायक ओरडत राहिला, बिशप बोलणी करीत राहिले. माझे मन बिशपांकडे झुकते. परंतु माझ्या मुलाने चियापासचे नाव प्रथम ऐकले ते त्या ओरडण्यातच.

१९९९ची 'द बॅटल ऑफ लॉस एंजेलिस' हीदेखील प्रथम क्रमांकावर पोहोचली. जानेवारी २०००मध्ये तिच्यातील एका गीताचे चित्रीकरण वॉल स्ट्रीटवर सुरू असताना शेअरबाजाराने आपली दारे लावून घेतली. त्याच वर्षी ऑक्टोबरात डी ला रोचा बाहेर पडला. डिसेंबरात आलेली 'रेनेगेड्स' ही इतरांच्या गीतांची. म्हणजे स्वतःच्या रचनांच्या ध्वनिमुद्रिका तीनच. २००७मध्ये आणि पुन्हा २०२२मध्ये ते एकत्र आले, नवे मात्र काही निघाले नाही. गायकाच्या पायाला झालेल्या दुखापतीने २०२२चा दौरा अर्धवट राहिला आणि २०२४च्या आरंभी विल्कने पुढील कार्यक्रमांची आशा संपवली.

हा सारा संताप विकला सोनीच्या मालकीच्या एपिक कंपनीने. यंत्रणेविरुद्धची आरोळी यंत्रणेच्याच दुकानात, ही टीका मला रास्त वाटते. तरीही २००९च्या नाताळची हकीकत सांगण्यासारखी आहे. ब्रिटनमध्ये दूरदर्शन स्पर्धेतील विजेत्याचे गीत दरवर्षी नाताळाच्या यादीत अग्रस्थान पटकावी. त्यास कंटाळून एका दांपत्याने चळवळ केली आणि पहिल्या ध्वनिमुद्रिकेतील 'किलिंग इन द नेम' हे गीत त्या स्थानी नेऊन बसवले. त्यात शिव्या आहेत. गोठ्यासमोर ते लावावे असे कोणीही म्हणणार नाही. परंतु त्या चळवळीतून 'शेल्टर' या बेघरांसाठी झटणाऱ्या संस्थेला ७० हजार पौंडांहून अधिक निधी मिळाला आणि पुढल्या जूनमध्ये वाद्यवृंदाने लंडनच्या फिन्सबरी पार्कमध्ये विनामूल्य कार्यक्रम केला.