नाण्याचा पहारेकरी

नाणे टाकताच खेळ सुरू करणारी यंत्रे पाहिली, की माझे लक्ष पडद्याकडे न जाता नाण्याच्या फटीकडे जाते. तिच्यामागे एक चोख पहारेकरी दडलेला असतो. नाण्याचा व्यास, जाडी व वजन तो क्षणात पारखतो. लोखंडाची खोटी चकती लोहचुंबकाने अडवून धरतो. पण धूळ साचली, की हाच पहारेकरी खरे नाणेही नाकारू लागतो. लबाडासाठी नेमलेल्याने प्रामाणिक मुलाला विन्मुख पाठवावे, याचे मला फार वाईट वाटते. अशा वेळी वीज बंद करून कोरड्या कुंचल्याने नाण्याची वाट झाडली, की बहुधा तेवढे पुरते.

सन १९७२ मध्ये अमेरिकेतील सनीव्हेल गावी ‘पाँग’ नावाचे नवे खेळयंत्र एकाएकी बंद पडले. ते घडवणारे अभियंते अ‍ॅलन अल्कॉर्न यांनी उघडून पाहिले, तो काय! नाण्यांची पेटी तुडुंब भरून गेली होती.

यंत्राच्या दाराला भक्कम कुलूप अवश्य असावे. पण किल्ली ज्याच्या हाती, त्याने ते वेळोवेळी उघडावे, पेटी रिकामी करावी आणि वाट स्वच्छ ठेवावी. कुलूप पैसा राखते. खेळणाऱ्याचा विश्वास मात्र अशा निगेनेच राखला जातो.