दोन पडद्यांमधली साखळी

ई. कोलाय या जिवाणूच्या पेशीत ग्लुकान या ग्लुकोजच्या साखळीला भेटायचं, तर पार आत पेशीद्रव्यात शिरायचं नाही आणि बाहेरच्या कातडीवरही थांबायचं नाही. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंना दोन पडदे असतात. त्यांच्यामधला अरुंद पट्टा म्हणजे पेरिप्लाझम. पेशीला आकार देणारी पेप्टिडोग्लायकनची जाळी इथेच असते. ही जाळी विणू न देणाऱ्या पेनिसिलिनमुळे ती पाठ्यपुस्तकांत पोचली. तिच्याच शेजारी राहणारी ही ग्लुकानची साखळी मात्र अपरिचित राहिली.

अंगाने ती लहानखुरी. ग्लुकोजचे ५ ते १२ रेणू, बहुतेक वेळा ८ किंवा ९. बीटा-१,२ जोडणीचा कणा आणि त्याला बीटा-१,६ जोडणीच्या फांद्या. याच ग्लुकोजच्या शेकडो-हजारो रेणूंतून स्टार्च आणि सेल्युलोज घडतात. हिला तेवढा पसारा नको असतो. पण आहे ती उंची अगदी नेमकी आहे. बाहेरच्या पडद्यातल्या पोरिन नावाच्या छिद्रांतून साधारण ६०० डाल्टनपर्यंतचे रेणू ये-जा करतात. आठ ग्लुकोजची साखळी १३०० डाल्टनच्या पुढे जाते. म्हणून ती सांडून जात नाही, मधल्या जागेतच टिकते.

तिच्या अंगावरची लेणी पडद्याकडून आलेली असतात. आतल्या पडद्यातल्या स्निग्ध रेणूंची फॉस्फेटवाली टोकं सुटतात आणि हिला जोडली जातात. ही टोकं कुठे जातात याचा माग काढतानाच हार्वर्डमध्ये यूजीन केनेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ती सापडली. १९७३ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. या टोकांमुळे आणि सक्सिनिल गटांमुळे तिच्यावर ऋण भार येतो. हा भार हीच तिची ताकद.

आतड्यातून बाहेर पडलेला जिवाणू ओढ्याच्या पाण्यात येतो, तेव्हा भोवतालचे क्षार एकदम विरळ होतात आणि पाणी पेशीत घुसू पाहतं. अशा वेळी साखळ्यांचं उत्पादन वाढतं. पेशीच्या कोरड्या वजनाच्या ५ टक्क्यांपर्यंत त्या भरतात. त्यांचा ऋण भार धन आयनांना धरून ठेवतो, मधल्या जागेची संहती वाढते आणि आतल्या नाजूक पडद्यावरचा ताण हलका होतो. भोवती मीठ वाढलं की उत्पादन घटतं. १९८२ मध्ये केनेडींनीच हे दाखवून दिलं.

पण हिला केवळ दाबाची राखणदार म्हणणं अपुरं आहे. ही साखळी बनवू न शकणारे ई. कोलाय प्रयोगशाळेतल्या विरळ माध्यमातही वाढतात. बिघडतात त्या दुसऱ्या गोष्टी: पोहणं मंदावतं, अंगावर बुळबुळीत आवरण चढतं. पेशीच्या पडद्यांवरच्या संकटाची वर्दी देणारी आरसीएस नावाची यंत्रणा विनाकारण जागी होते. म्हणजे बाहेरची परिस्थिती पेशीला नीट कळावी, यातही हिचा वाटा आहे.

तिचं खरं मोल दिसतं ते दुसऱ्या जिवाच्या घरात. लसूणघासाच्या मुळाशी नांदणाऱ्या सायनोरायझोबियममध्ये ती कडं होऊन राहते: १७ ते २५ ग्लुकोज, दोन्ही टोकं जुळलेली. ज्या जिवाणूला हे कडं घडवता येत नाही, त्याच्यामुळे मुळांवर पांढुरक्या, रिकाम्या गाठी येतात आणि नत्र स्थिर होत नाही. सोयाबीनच्या ब्रॅडीरायझोबियममध्ये जोडण्या वेगळ्या, कडं १० ते १३ ग्लुकोजचं. तिथेही ते घडलं नाही तर गाठी निकामी. आपल्या शेतकऱ्याने पेरणीआधी बियाण्याला चोळलेल्या जिवाणूखताच्या यशात हिचाही हात असतो.

हाच गुण रोगाच्याही कामी येतो. गाई-म्हशींचा गर्भपात घडवणारा ब्रुसेला अशाच कड्याच्या आधाराने आपल्याला गिळणाऱ्या पेशीतल्या पाचक कोशांपासून वाचतो. साखळीला मित्र-शत्रू कळत नाहीत. ती ज्याच्या घरात असते त्याचा तग वाढवते.

म्हणून काचेच्या भांड्यात जिवाणू वाढला एवढ्यावरून त्याच्यातला एखादा रेणू बिनकामाचा ठरवू नये. या साखळीची परीक्षा मुळाच्या गाठीत आणि यजमानाच्या पेशीत घ्यायला हवी, आणि तिथे ती अपरिहार्य ठरली आहे.