डोंबिवलीच्या गॅलरीतील लवंगी

चैत्र-वैशाखात डोंबिवली पूर्वेच्या गल्ल्यांतून जाताना मोसम कोणता, हे नाकच सांगते. इमारतींच्या गच्च्यांवर लाल मिरच्या वाळत असतात आणि मसाला कांडपाच्या गिरणीपुढे माणसे रुमाल, पदर नाकाला लावून उभी असतात. रंगासाठी ब्याडगी, तिखटपणासाठी संकेश्वरी किंवा लवंगी, असे प्रत्येक घराचे प्रमाण ठरलेले. बँकेच्या नोकरीत पस्तीस वर्षे सकाळची लोकल पकडण्याच्या घाईत मला हे कधी नीट दिसलेच नाही. निवृत्तीनंतर कोल्हापूरच्या धाकट्या बहिणीकडून लवंगीचे बी आणले आणि गॅलरीतील पाच कुंड्यांत पेरले.

लवंगी दिसायला बारीक आणि आखूड. पण आमटीला एक पुरते. तिखटपणा बियांत असतो, हा आपला समज. वास्तविक तो बिया जिला चिकटलेल्या असतात त्या आतील पांढऱ्या शिरेत असतो.

रोपे वीतभर झाली आणि पाने मुरडू लागली. शेतकरी या रोगाला बोकड्या म्हणतात. फुलकिडे, कोळी, पांढरी माशी यांच्यामुळे तो येतो. शेजारच्या गृहस्थांनी आपुलकीने फवारणीची बाटली आणून दिली. दोन दिवस ती कठड्यावर तशीच होती. सौ. एवढेच म्हणाली, "चिमूटभर तिखटासाठी किती जीव घ्यायचे?" फवारणी केली नाही. पाचही रोपे गेली. वाईट वाटले, हे कबूल करतो.

पुढच्या वर्षी माघात पुन्हा पेरणी केली. कीड आल्यावर मारण्यापेक्षा ती येऊच नये, हीच खरी जयणा. म्हणून पहिल्या दिवसापासून कुंड्यांवर जुन्या धोतराचे मलमल ताणून बांधले. मिरचीच्या एकाच फुलात परागीभवन होते. मात्र आडोशाला वारा लागत नाही, म्हणून रोज सकाळी फांद्या हलकेच हलवल्या. पाचांपैकी तीन झाडे तगली. मिरच्या लाल होऊ लागल्यावर एका झाडाचे कापड काढले, ते बुलबुलांसाठी. पक्ष्यांना मिरची तिखट लागत नाही, आणि तिचे बी तेच दूरवर नेतात.

उरलेल्या मिरच्या पावसाआधी वाळवल्या. अष्टमी-चतुर्दशीला आणि पर्युषणात आपल्या घरांत हिरवी मिरची, कोथिंबीर वर्ज्य. लसूण तर नाहीच. त्या दिवसांत जेवणाची चव सुक्या मिरचीच्या हाती. दोन लवंगी थेंबभर तेलात मंद आचेवर परतायच्या, खिडकी उघडी ठेवून! मग डाळे, जिरे, हिंग, मीठ घालून त्या दिवसापुरतेच कुटायचे. ज्वारीच्या भाकरीबरोबर दुसरे काही लागत नाही.

सारे पीक ओंजळभर. बाजारभावाने हिशेब केला, तर कुंडीतील मातीचाही खर्च निघणार नाही. शेजाऱ्यांची बाटली न उघडता परत केली, सोबत चटणीची डबी दिली. यंदा त्यांच्याही कुंड्यांवर मलमल आहे.