बुद्ध हसला म्हणे

गॉडझिला हा १९५४चा जपानी सिनेमा. आपली पोरं त्याला राक्षसाचा पिक्चर म्हणतात. पण तो सुरू होतो जहाजाच्या डेकवर. खलाशी आराम करतायत. एकदम समुद्रात उजेड होतो, जहाज पेटतं, माणसं संपतात.

हे हवेतून आलेलं नव्हतं. त्याच वर्षी १ मार्चला अमेरिकेने बिकिनीवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तिची राख लांब एका जपानी मासेमारी बोटीवर बर्फासारखी पडली. बोटीवर २३ जण. ट्यूना धरून पोट भरणारे. केस गळले, अंग भाजलं. बोटीचा रेडिओवाला सप्टेंबरात मेला. बाजारात आलेली मासळी खड्ड्यात पुरली.

सिनेमात मात्र खलाशी दोन मिनिटांत बुडाले. पुढे सगळा राक्षस. हॉस्पिटलात एका पोरापुढे किरण मोजायचं यंत्र धरतात, तेवढा प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही.

आपल्याकडे बॉम्बच्या गोष्टी काय कमी आहेत? शास्त्रज्ञ, फौजी वेश, अमेरिकेच्या उपग्रहाला चकवा. २०१८ साली त्यावर हिंदी पिक्चरही निघाला. शहाण्यांची गोष्ट. पोखरणजवळच्या खेतोलाईची कुठाय? ११ मे १९९८, दुपारी पावणेचार. जमीन हादरली, घरांना तडे गेले. गावकरी पुढं कॅन्सरचं, गुरांच्या आजारांचं सांगत राहिले. सरकार म्हणत राहिलं, तसं काही नाही.

रोह्याच्या बाजूला रासायनिक कारखाने आहेत. रात्री वास सुटतो, डोळे चुरचुरतात. सकाळी कोणीतरी सांगतो, घाबरायचं कारण नाही. हे वाक्य ज्याने ऐकलंय त्याला खेतोलाई लांब नाही. मोजायचं यंत्र त्यांच्याकडे. तडा आपल्या भिंतीला.

आणि तो दिवस बुद्धपौर्णिमेचा! १९७४च्या पहिल्या चाचणीला तर हसऱ्या बुद्धाचंच नाव चिकटवलं. तिचं प्लुटोनियम आलं सायरस अणुभट्टीतून, म्हणजे ट्रॉम्बेहून. आम्ही पेणहून मुंबईला जातो तेव्हा खाडीपलीकडं राहतं ते ट्रॉम्बे. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो माणसांना बुद्ध दिला. त्या माणसांना विचारलं कोणी, तुमचा बुद्ध बॉम्बला लावू का म्हणून?

आई तेव्हा पोर होती. ती सांगते, संध्याकाळी वाडीत पंचशील म्हणून झालं, खीर वाटत होते. तेवढ्यात गावात फटाके वाजले. आजी म्हणाली, "आज गावाला बुद्ध कसा काय आठवला?" पंचशीलातलं पहिलंच शील जीव न घेण्याचं. ते म्हणून तोंड वाळलं नव्हतं, आणि बाहेर ही आतषबाजी.

मी गोष्ट लिहितोय. पोह्याच्या गिरणीत, पाळी सुटल्यावर, पाठकोऱ्या बिलांवर. तिच्यात शास्त्रज्ञ नाही. वाळवंटातली एक बाई आहे. फौजी सांगून गेलाय, घराबाहेर बसा. ती पोराला घेऊन बाहेर येते. मग परत आत जाऊन माठ आणते, कारण पाणी लांबून आणलंय. महाडच्या तळ्यासाठी १९२७ साली मार खाल्लेल्यांच्या नातवंडांना हे समजवावं लागणार नाही.

अडलोय ते पुढे. जमीन हलते तेव्हा ती काय धरेल, पोर की माठ? गिरणीत पोहे चाळणाऱ्या बायांना विचारलं. एक मावशी म्हणाली, "माठ धरंल. पोर पळंल रे, माठाला पाय नायत."

तसंच लिहिलं. पुढचं लिहितोय.