पळसाचा पिवळा

पळसाला वास नसतो, हे मला फार उशिरा कळलं. टोकावड्याच्या माळांवर फाल्गुनात खाली पडलेली फुलं आम्ही ओच्यात भरून आणायचो. ती रात्रभर भिजून सकाळी कल्हईच्या पातेल्यात चढली, की आत्याच्या परसात ओल्या पाल्याचा, धुराचा, किंचित गुळचट असा वास पसरायचा, आणि त्यात रिठ्याने धुतलेल्या लोकरीचा तो मेंढरांचा ओला वास मिसळला, की माझ्या लेखी तोच पळसाचा वास.

लोकर दसऱ्यानंतर घाट उतरून येणाऱ्या मेंढपाळांकडची, आत्याने चातीवर कातलेली. रेशमाच्या लडी मुंबईहून यायच्या. दोन्ही आधी तुरटीच्या पाण्यात मुरायच्या. तुरटी किती, तर तळहाताच्या खळग्यात मावेल तेवढी, आणि तळहात तिचाच. लोकरीला एकदम ताव सोसत नाही आणि एकदम गारवाही. ती आखडून घट्ट होते. म्हणून पातेलं चुलीवरून उतरवलं तरी आपोआप निवेपर्यंत आत्या पाटावर बसून राहायची, काठीने लडी हलकेच उलटत, कुणाशी न बोलता, आणि पाण्याचा तो डुबुक डुबुक आवाज ऐकता ऐकता मला तिथेच झोप लागायची.

विलायतेत पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने १८५६ साली डांबरातल्या द्रव्यापासून जांभळा रंग काढला, तेव्हाच खरं तर असल्या पातेल्यांचं काय व्हायचं ते ठरलं होतं. आत्याच्या परसात ही बातमी पोचायला शंभरावर वर्षं लागली, एवढंच. रंगासाठी लागणारा कात मात्र तिच्या देखतच दुर्मीळ झाला. शहापूरकडच्या रानात खैराचा कात काढणारे कातकरी तोवर वीटभट्ट्यांवर जाऊ लागले होते.

तिची पेटी आता माझ्याकडे आहे. हिरडा आणि गंजलेले खिळे भिजवून केलेला काळा रंग रेशमाला आतून खातो. पेटीतल्या रेशमी पोलक्याच्या काळ्या काठाला बोट लावलं तर काठच भुकटी होऊन हाताला लागतो, आणि मधला कातरंगी भाग अजून धड, नवा असल्यासारखा. पळसाचं मात्र निराळं. तो उन्हाने उडतो, धुण्याने उडतो, हे तिला पुरतं ठाऊक होतं, आणि त्याचं तिला काही वाटतही नसे. दर फाल्गुनात घरातल्या पोरांच्या कुंच्या, कानटोप्या, तिची स्वतःची शाल, सगळं नव्या लडींच्या बरोबरीने पुन्हा पातेल्यात जायचं. जुन्या फिक्यावर नवा पिवळा चढायचा, आणि त्याला जी एक खोल, मधाळ छटा यायची ती नव्या लोकरीला कधी येत नसे. दुकानात, प्रदर्शनांत हल्ली पळसाने रंगवलेले स्टोल मिळतात. चांगले असतात. पण ते एका फाल्गुनाचे असतात, आणि आत्याच्या शालीत माझ्या जन्माआधीचेही फाल्गुन होते.