गिअरबॉक्सचा भार कोणाचा?

यंत्र बिघडले की खर्चाआधी दोषाची वाटणी होते. आमच्या मोटारीचा गिअरबॉक्स दुरुस्तीनंतर महिनाभरात जाम झाला, तेव्हा गॅरेजमालकांनी आमच्या चालवण्यावर बोट ठेवले. खर्च पगाराएवढा होता. आम्ही जुने बिल काढले. ड्राइव्ह शाफ्टचे ऑईल सील बदलल्याची नोंद होती, गिअर ऑईलची नव्हती. शाफ्ट काढताना आमच्यासारख्या मोटारींतले ते तेल सांडते आणि तेलाविना दाते, बेअरिंग जळतात. अर्थात, नोंद नाही म्हणजे तेल घातलेच नाही, असे सिद्ध होत नव्हते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दोन वर्षांत जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, हे आम्ही सौम्यपणे सुचविले. अखेर खर्च निम्मा निम्मा झाला. घरोबा राहिला, बिलातली प्रत्येक ओळ मात्र आम्ही आता तेथेच वाचून घेतो.