तेरा नंबरचं चॅनेल

जालन्यात निजामाच्या काळातल्या गढीवरून ज्या वस्तीला मस्तगड नाव पडलं, तिथं आमच्या गल्लीत घराला घर लागून आहे. कॉम्प्युटरवर वायफायची यादी उघडली की शेजारपाजाऱ्यांची नावं भराभर यायची. वरच्या मजल्यावरचं, समोरच्या दुकानाचं, अगदी गल्लीच्या टोकाचंसुद्धा. आमचंच तेवढं नसायचं, आणि आमचा राउटर तर त्याच खोलीत, दाराच्या वर.

कॉम्प्युटर जुना. नेटसाठी त्याला बोटाच्या पेराएवढा यूएसबी अडॅप्टर लावलाय. मोबाइलवर भागलं असतं, पण स्कॅनर याच कॉम्प्युटरला जोडलेला, आणि गावाकडची भावकी पीक विम्याचे कागद घेऊन आमच्याकडेच येते. मुदत जवळ आली की कामधंदा सोडून आलेल्या माणसाला ‘उद्या या’ म्हणवत नाही.

दुकानदार म्हणाला, "साहेब, अडॅप्टर गेला. नवा घ्या." मला ते पटेना. गल्लीच्या टोकाचं वायफाय दाखवणारा अडॅप्टर बिघडलाय कसा म्हणायचं? डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं उद्गारचिन्ह नव्हतं, ड्रायव्हर ठीक होता. पुढचे पोर्ट वापरून सैल होतात, म्हणून अडॅप्टर मागच्या पोर्टला लावून पाहिला. वीज वाचवायला विंडोज अडॅप्टर मधेच बंद करतं, ती खूणही काढली. यादी होती तशीच.

शेजारच्या पोरानं स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट चालू केला. "काका, हा बघा, दिसतोय की!" जोडला तर नेटही चाललं. म्हणजे अडॅप्टर धडधाकट होता. खरा धागा मात्र बायकोनं दिला. ती म्हणाली, "लाइट जाऊन आली की असं होतं. कधी तर पुन्हा लाइट गेली की आपोआप नीटही होतं."

लाइट आल्यावर राउटर नव्यानं सुरू होतो आणि आजूबाजूची गर्दी बघून स्वतःच चॅनेल निवडतो. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे 1 ते 13 चॅनेल चालतात. अमेरिकेत सर्रास 11 पर्यंतच वापरतात, आणि तिथल्या हिशेबानं बनवलेला अडॅप्टर 12 आणि 13 कडे बघतच नाही. राउटर उशाशी असला तरी त्याचं नाव यादीत येणार नाही.

मोबाइलवरून 192.168.1.1 हे राउटरच्या सेटिंगचं पान उघडलं. पासवर्ड राउटरच्या बुडाला चिकटवलेला होता. चॅनेलसमोर ‘ऑटो’ आणि शेजारी आकडा 13. शेजाऱ्यांचे राउटर 6 आणि 11 वर दाटीवाटीनं बसलेले, म्हणून आमचा पार टोकाला गेला होता. 1 वर गर्दी कमी दिसली. मधलं 3 किंवा 4 घेण्यात अर्थ नव्हता. चॅनेल एकमेकांपासून 5 मेगाहर्ट्झवर असतात, पण एकेका राउटरला साधारण 20 मेगाहर्ट्झ जागा लागते, त्यामुळे 6 वाल्यांशी टक्कर झालीच असती. ऑटो काढून 1 ठेवलं, सेव्ह केलं. राउटरचे दिवे विझून पुन्हा लागले आणि यादीत सगळ्यात वर आमचं नाव आलं.

अडॅप्टर काही फार महाग नसतो. पण चालती वस्तू न तपासता मोडीत काढायची, हे मला मान्य नाही.

पुढं लाइट गेली तेव्हा ती आल्याबरोबर मुद्दाम कॉम्प्युटर लावून पाहिला. राउटर 1 वरच होता. मग गावाकडे चुलतभावाला फोन केला, म्हटलं सातबारा आणि पासबुक घेऊन उद्या सकाळी ये.